तातोबा मुंगसाची कोरडी होडी

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून खाडी सुरू होते त्या चिखलाच्या कडेला, एक गोदी होती. पावसाळ्यात होड्या पाण्याबाहेर ओढायच्या, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायच्या, एवढ्यासाठी ती बांधली होती. मुलांनो, पुढे काय झाले ते सांगतो. मध्येच शंका विचारू नका. मला राग येतो.

या गोदीत तातोबा नावाच्या मुंगसाची एक होडी होती. होडी छान होती. तातोबाही छान होता. सगुणा नावाच्या मुंगशीने त्याच्याशी लग्न केले ते या होडीकडे बघूनच. कारण सगुणाची आई खाडीपलीकडच्या बेटावर एकटीच राहत होती. होडीवाला नवरा असला की आईकडे कधीही जाता येईल, असे सगुणाला वाटले. तुम्हालाही तसेच वाटले असते.

लग्न झाले तेव्हा होडी डागडुजीसाठी गोदीत टेकूंवर उभी होती.

"चार दिवस इथंच राहू होडीत," तातोबा म्हणाला. "नारळी पौर्णिमा झाली की तुझ्या आईकडे."

नारळी पौर्णिमा आली. तातोबाने डोक्यावर टोपी घातली, पुढच्या टोकावर उभे राहून हात जोडले आणि समुद्राला नारळ सोडला. नारळ धप्पकन जमिनीवर पडला आणि खारीने पळवला.

"यंदा शीड जरा जुनं वाटतंय," तातोबा म्हणाला. "पुढल्या वर्षी नक्की."

गोदीतल्या इतर होड्यांतही असेच प्राणी राहत होते. सगळे चार दिवसांसाठी आलेले. ते एकमेकांना कप्तान म्हणत. रोज संध्याकाळी वारा सुटला की नांगर जमिनीवर टाकून ठेवत. मग घोरपडकाकांच्या होडीवर चहा घेत वादळांविषयी बोलत. घोरपडकाका सर्वांत जुने कप्तान होते. त्यांच्या होडीखाली वारूळ झाले होते.

एकदा एक पाणमांजर खरोखरच होडी लोटून मासे धरायला गेले. त्याला मंडळींनी चहाला बोलावणे बंद केले. उथळ वृत्तीचे आहे, असे सगळ्यांचे मत पडले.

दिवस गेले. शिडी चढून चढून सगुणाचे पाय दुखू लागले. पाण्याचा हंडा घेऊन चढताना तर जीव मेटाकुटीला येई. तातोबाचे बायकोवर प्रेम होते, हे मी आधी सांगायला हवे होते. त्याने गोदीतल्या सुतारपक्ष्याला बोलावले.

"सुतारभाऊ, खालच्या अंगाला एक दार पाडता येईल का?"

"पाडू की. खिडकी पण हवी का?" सुतारपक्षी म्हणाला. त्याने जन्मात कुणाला नाही म्हटले नव्हते.

अशा रीतीने होडीच्या तळाला एक ऐसपैस दार झाले. चांगल्या सागवानी फळ्यांचे, बिजागऱ्या लावलेले. दारापुढे सगुणाने सारवले. डोलकाठीला दोरी बांधली, वल्ह्यावर गोधड्या वाळत घातल्या. सगळी गोदी दार बघायला आली आणि ज्याच्या त्याच्या होडीला दार झाले. हसू नका. तुमच्या घरी काय काय आहे ते मला माहीत आहे.

सगुणा मात्र रोज संध्याकाळी दारात बसून बेटाकडे बघायची. तिथे आईच्या चुलीचा धूर दिसायचा. धूर दिसला की ती उठून आपली चूल पेटवायची.

एके दिवशी धूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बेटावरून बगळा आला.

"म्हातारी अंथरुणाला खिळलीय," तो म्हणाला. "सारखी तुझं नाव काढते. लवकर ये."

सगुणा तातोबाकडे वळली. "अहो, होडी काढा."

तातोबा लगेच टोपी घालून घोरपडकाकांकडे धावला. कप्तानांची बैठक बसली. वारा कुठला, भरती कधीची, शीड कोणते, यावर फार सुंदर चर्चा झाली. प्रत्येकाला सगुणाच्या आईबद्दल मनापासून वाईट वाटले. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आले की होडीला खाली दार आहे.

"दार बुजवावं लागेल," घोरपडकाका म्हणाले.

"बुजवू की," सुतारपक्षी म्हणाला. "लाकूड वाळायला हवं, तेलपाणी हवं. महिनाभर लागेल."

"पण दार बुजवलं तर आत जायचं कुठून?" तातोबाने विचारले, आणि चर्चा पुन्हा रंगात आली.

तातोबा घरी परतला तेव्हा सगुणा दाराच्या बिजागऱ्या उचकटत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"आईकडे निघालेय."

तिने वल्ह्यावरच्या गोधड्या काढून त्याच्या हातात दिल्या. दार फरफटत चिखलातून पाण्यापर्यंत नेले, त्यावर बसली आणि वल्हे मारू लागली. दार तरंगले. सागवानी होते, तरंगणारच.

सगळे कप्तान काठावर जमले. "वल्हं चुकीचं धरलंय," घोरपडकाका म्हणाले. "डावीकडे घ्या, वहिनी, डावीकडे." सगुणाने मागे वळूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेटावरून धूर निघाला. तातोबाने तो पाहिला आणि त्याला रडू आले. आपणही जावे, सासूबाईंच्या पाया पडावे, सगुणाच्या शेजारी चुलीपाशी बसावे, असे त्याला फार वाटले. पाणमांजर मासे घेऊन परतत होते. ते म्हणाले, "चला, मी सोडतो तुम्हाला."

तातोबा उठला. दोन पावले पाण्याकडे गेला. मग त्याने वळून होडीकडे पाहिले. दाराच्या जागी भलेमोठे भगदाड होते.

"आलो असतो रे," तो म्हणाला. "पण होडी अशी उघडी टाकून कसा येऊ?"

मग तो भगदाडात गोधडी अंथरून बसला. त्या संध्याकाळी चहाला त्याच्यासाठी खास पुढची जागा ठेवली होती. सगुणाचा प्रवास दारावरून झाल्यामुळे तो जलप्रवासात धरू नये, असेही तिथे एकमताने ठरले.

तात्पर्य : मुलांनो, होडी नेहमी जमिनीवरच ठेवावी. ती बुडत नाही, भरकटत नाही आणि मालकाला जन्मभर कप्तान म्हणतात. पलीकडे कुणी आपली वाट बघत असेल, तर त्यांनीच वेळीच अलीकडे राहायला यावे.