खिडकीला बांधलेली चिंचपेटी

हेमाला चिंचपेटी हवी होती, असं काही म्हणता येणार नाही. ठाण्याच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात ती एका टेबलापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली, एवढंच. टेबलावर काचमण्यांची विणलेली चिंचपेटी होती. पांढऱ्या मण्यांत लाल कुयऱ्या, गळ्याला लगटून बसेल अशी पट्टी.

"विकायची नाही हो, नमुना आहे," टेबलामागची बाई म्हणाली.

तिथंच एक बाई विणत बसली होती. माग कसला, साधा कारभार! दोऱ्यांचं एक टोक खांबाला, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मधल्या ताणलेल्या दोऱ्यांत सुईनं मणी भरायचे. हेमाचे यजमान गुरुदत्त पेडणेकर ते बघत उभे राहिले आणि दाण्यांची पुडी संपेस्तोवर त्यांना त्यातलं सगळं समजलं.

"हात्तिच्या! हेमा, असली मी घरी विणून देतो."

(पेडणेकर ठाण्याच्या एका कचेरीत कारकून होते. एकदा त्यांनी घरच्या आरामखुर्चीचं कापड स्वतः बदललं होतं. तेव्हापासून त्या खुर्चीत आराम सोडून बाकी सगळं होत असे.)

"अहो, रविवारी कल्याणला सुमनचं लग्न आहे," हेमा म्हणाली. सुमन तिची चुलतबहीण. "तोवर होईल?"

"रविवार? अगं, बुधवारी घालून मिरव!"

बुधवारी फक्त दोऱ्यांचा गुंता सुटला. डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत खांब नव्हता, म्हणून दोरे खिडकीच्या गजाला बांधले. कमरेला खाटेच्या नवारीचा तुकडा. गुरुवारी पहिली कुयरी झाली, ती वांग्यासारखी दिसत होती. शुक्रवारी रात्री पेडणेकरांना शिंक आली, नवारीची गाठ सुटली आणि मणी घरभर पळाले. सकाळच्या पोह्यांत दोन लाल मणी होते, असं हेमाचं म्हणणं. सापडला एकच.

शनिवारी त्यांनी कचेरीत निरोप धाडला, ताप आहे. हेमानं त्यांना खिडकीसमोर मांडी घालून बसवलं आणि नवार पाठीमागे चांगल्या तीन गाठी मारून आवळली.

"आता शिंका हव्या तेवढ्या," ती म्हणाली. कात्री फळीवर ठेवली आणि पिशवी घेऊन रेशनच्या रांगेला गेली.

दुपारपर्यंत काम झकास चाललं. "दोन पांढरे, एक लाल, खाली, वर," असं स्वतःशीच म्हणत पेडणेकर विणत होते. घरमालकीण ठमाबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. मधून मधून ती थांबून खिडकीकडे बघे आणि मान हलवून पुन्हा कामाला लागे. पेडणेकरांना वाटलं, कौतुकानं बघतेय.

तेवढ्यात अंगणात महिपतराव दिघे उगवले.

महिपतराव म्हणजे पेडणेकरांच्या कचेरीतले हेडक्लार्क. देह असा की ते दारातून आत आले की खोलीत संध्याकाळ व्हायची. कुणाच्या घरी कधी न जाणारा माणूस. पण शुक्रवारी बेरीज चुकली म्हणून त्यांनी पेडणेकरांना सगळ्यांदेखत फाडून खाल्लं होतं, आणि शनिवारी तापाचा निरोप! महिपतरावांच्याच मनाला लागलं. अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून कल्याणला घरी जाता जाता ते मोसंबी घेऊन डोंबिवलीला उतरले होते.

साहेब दिसताच पेडणेकरांनी खाली वाकून लपायचा प्रयत्न केला. दोरे सैल पडले, मणी घसरू लागले. ते तसेच ताठ झाले. गजाआडून दोघांची नजरानजर झाली.

"पेडणेकर?"

"या साहेब. दार नुसतं लोटलेलं आहे. मला उठता यायचं नाही."

महिपतराव आत आले. कमरेची नवार, पाठीवरच्या गाठी, खिडकीचे गज, सगळं त्यांनी एकदा नीट पाहिलं. मोसंबी हळूच खाली ठेवली.

"हे... कुणी बांधलं तुम्हाला?"

"बायकोनं."

"का हो?"

"मी सारखा सुटत होतो म्हणून."

महिपतरावांनी पाठीवरच्या गाठी पुन्हा एकदा मोजल्या. "आणि अशा स्थितीत एकटे ठेवून गेल्या?"

"रेशनला गेलीय. काळजी नाही, कात्री वर ठेवलीय. माझा हात पोचत नाही."

"बरं केलं," महिपतराव पुटपुटले.

आता मात्र पेडणेकरांच्या ध्यानात आलं की काहीतरी भलतंच होतंय. "साहेब, मला ताप नाही. खोटं बोललो. मी दागिना विणतोय."

"हो, हो. विणा तुम्ही."

"चिंचपेटी आहे. हेमाच्या गळ्याभोवती आवळून बसेल अशी!"

"गळ्याभोवती?" महिपतराव दोन पावलं मागे सरले ते थेट दारात आलेल्या ठमाबाईच्या पायावर.

"सक्कालपासना बघतंय मी, सायब," ठमाबाई पाय चोळत म्हणाली. "खिरकीत बसलाय नि आपल्याशीच बोलतंय. दोन पांडरं, येक लाल! चांगला माणूस व्हता वो."

त्याच वेळी हेमा आली. खांद्यावर पिशवी, समोर नवऱ्याचा साहेब. तापाचा निरोप गेलाय हे तिला ठाऊक होतं, आणि नवऱ्याला सांभाळून घ्यायची सवय लग्नापासूनची.

"वहिनी, जवळ जाऊ नका!" महिपतराव ओरडले.

"काय सांगू साहेब," हेमानं डोळ्यांना पदर लावला, "कालपासून ताप डोक्यातच गेलाय यांच्या."

"अगं, मी आत्ताच सांगितलं, मला ताप नाही!"

"बघा ना," हेमा म्हणाली, "सारखं असंच म्हणतात."

आणि मग गजाला बांधलेल्या नवऱ्याचा तो घामाघूम, केविलवाणा चेहरा पाहून तिला हसू फुटलं. ते आवरेना. पदर तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली. ठमाबाईनं दोघांकडे पाहिलं, "हिच्यावर पन आलं," म्हणाली आणि लगबगीनं निघून गेली.

हसणं सरल्यावर हेमानं सगळं खरं सांगून टाकलं. प्रदर्शन, लग्न, तापाचा निरोप, सगळं. पेडणेकरांना आपली नोकरी एकेका मण्यासारखी घरंगळत चाललेली दिसली.

महिपतराव खाली वाकले. चिंचपेटी जवळून पाहिली.

"कुयरी उलटी आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि वीण सैल. तुम्ही हलता फार. कचेरीतही हलता." त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. "वहिनी, सोडा यांना. तो पट्टा इकडे आणा."

नवार महिपतरावांच्या कमरेला पुरेना, हेमानं तिला जुन्या नाडीचा जोड दिला. आणि महिपतराव एकदा मांडी घालून बसले ते असे, की खिडकीचा गज वाकेल पण दोरा ढळणार नाही. पेडणेकर सुई चालवत होते, हेमा मणी निवडून देत होती, महिपतराव मोसंबी सोलून फोडी वाटत होते. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला नुसतं बसून राहा म्हणतंय," ते एकदा समाधानानं म्हणाले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. कचेरीतल्या गोष्टी निघाल्या, हेमानं चहा केला.

ठमाबाई शेजारच्या दोघींना घेऊन अंगणात आली. तिनं बोट दाखवलं.

"यो बग! आता सायबाला पन बांदलाय!"

दिवेलागणीला शेवटचा मणी बसला. हेमानं दोरे कापले. ताण सुटला, आणि चिंचपेटी जी आक्रसली ती गळ्याला दोन बोटं कमी! इतका वेळ महिपतरावांनी खेचून धरली होती ना. पेडणेकर मटकन खाली बसले.

हेमानं क्षणभर विचार केला. मग हात मागे नेऊन तिनं ती पट्टी अंबाड्याभोवती गुंडाळली. बेतशीर बसली. पांढऱ्यात लाल कुयऱ्या, आणि अंबाड्यावर त्या उलट्या आहेत हे कळायला मार्गच नव्हता.

"वा!" महिपतराव म्हणाले. निघताना दाराशी थांबले. "तुम्हाला ताप होता, पेडणेकर. मी स्वतः पाहून आलो. सोमवारी ती बेरीज मात्र दुरुस्त करा."

रविवारी कल्याणला लग्नात नवरीपेक्षा हेमाच्या अंबाड्याभोवती जास्त गर्दी होती. नवी फॅशन म्हणून पोरीबाळी निरखून बघत होत्या. पेडणेकर मुद्दाम जवळच घुटमळत राहिले. शेवटी नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलंच, "कुणी केलं हो हे?"

"ह्यांनी," हेमा अभिमानानं म्हणाली. पेडणेकरांनी कोटाची बटणं नीट केली.

आत्याबाई लगेच तिच्या कानाशी आल्या. "म्हणजे डोंबिवलीचे, खिडकीला बांधून ठेवलेले, ते हेच का? आमच्या बाजूला कालच रात्री बातमी आली."

"हो, तेच," हेमा म्हणाली. "आज लग्नापुरते सोडलेत."