साडूची गिटार आणि माझा ड्रायव्हर

गिटार मी साडूपेक्षा नक्कीच बरी वाजवतो. पण माझ्या बायकोच्या फोनवर रिंग म्हणून कुणाची गिटार वाजते? साडूची! फोन आला की ती लगेच उचलतसुद्धा नाही. डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "भावोजींनी घरच्या घरी रेकॉर्ड केलंय, हं!" माझा नुसता तिळपापड होतो.

म्हटलं, बस्स! ती रिंग हटवून तिथे माझी गिटार वाजवून दाखवतो. साडूकडे आहे तसला इंटरफेस मीही त्याच्याच दुकानातून आणला. म्हणजे एक डबा; त्यात एकीकडून इलेक्ट्रिक गिटारची वायर घालायची आणि दुसरीकडून तो लॅपटॉपला जोडायचा. माझ्या डब्याला साडूच्या डब्यापेक्षा एक बटण जास्त होतं!

पण तार छेडली की आवाज लॅपटॉपमधून रमतगमत यायचा. दुकानदाराला फोन लावला.

"लॅपटॉपमध्ये डब्याच्या कंपनीचाच ड्रायव्हर टाका, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर," तो म्हणाला. "मग सेटिंगमध्ये आउटपुटला डबा निवडा, आणि... नाहीतर असं करा, तुमच्या साडूंनाच विचारा. त्यांना सगळं येतं!"

मी तिथल्या तिथे फोन कापला. साडूला विचारू? मी?

ड्रायव्हर टाकला, आउटपुट बदललं, ते जास्तीचं बटण फिरवलं, आणि अहाहा! डब्याला लावलेल्या हेडफोनमध्ये गिटार खणखणीत, उशीर म्हणून नाही! जीव ओतून वाजवलं. परत ऐकून बघायची गरजच काय? वाजवताना ऐकलंच होतं की! थेट घरच्या ग्रुपवर पाठवून दिलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

बायको फोन घेऊन स्वयंपाकघरातून आली.

"अहो, यात गिटार कुठाय?"

तिने लावलं. तारांची बारीक टिकटिक आणि त्यावर माझा खणखणीत आवाज: "एक, दोन, तीन, चार... थांब टकल्या, तुझी रिंग काढतोच! एक, दोन... मोठा आलाय कलाकार! तीन, चार... भावोजी म्हणे भावोजी!"

दुकानदाराचं राहिलेलं वाक्य इनपुटचं होतं! ते मी बदललंच नव्हतं. त्या दीडशहाण्या बटणाने गिटार डब्यातून परस्पर माझ्या कानात सोडली, आणि रेकॉर्ड केलं ते लॅपटॉपच्या माइकने; त्याला इलेक्ट्रिक गिटारची नुसती टिकटिकच ऐकू जाणार! हेडफोनमुळे माझी बडबड मलाच ऐकू आली नव्हती.

डिलीट करायला धावलो, तर घाईत ते फक्त माझ्या फोनमधून गेलं! ग्रुपवर सासूबाईंनी विचारलं होतं, "जावईबापूंची तब्येत बरी आहे ना?"

तेवढ्यात बायकोच्या फोनवर साडूची गिटार वाजू लागली. फोन साडूचाच! तिने तो माझ्या हातात कोंबला.

"अहो, ठेका काय पक्का आहे तुमचा!" साडू खो खो हसत होता. "टकल्या तर अगदी समेवर! मी यावर जरा गिटार टाकू का?"

शरमेने मेलेला माणूस नाही कसं म्हणणार?

तर मंडळी, जुनी रिंग एकदाची गेली! आता बायकोचा फोन वाजला की घरभर माझा आवाज घुमतो: "एक, दोन, तीन, चार... थांब टकल्या!" बायको डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकते. मग म्हणते, "भावोजींनी गिटार काय सुरेख वाजवलीय, हं!"