बायचं डोहाळजेवण

एकोणीसशे चोपन्न साल. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. आमच्या गावात नवखा पाहुणा आला आणि त्यानं जोमा नानाला नदीवरून घरी येताना पाहिलं, की त्याला वाटायचं हा माणूस नदीवर चाललाय. कारण नानाचं तोंड नदीकडे असायचं. चालायचा मात्र उलटा.

खांद्यावर भरलेला हंडा, नजर पाण्यावर, आणि टाचेनं वाट चाचपत सगळी चढण चढायची. नदीला पाठ दाखवायची नाही, हा त्याचा नेम. एकदा वाटेत पाटलाची म्हैस बसली होती. नाना हंड्यासकट तिच्यावर आडवा झाला. आम्ही धावलो. मी म्हटलं, "नाना, जरा मागं बघत जा की!"

"मागंच बघत होतो, म्हणून तर पडलो," तो म्हणाला आणि रिकामा हंडा घेऊन परत नदीवर गेला. जाताना सरळ.

आमचं गाव मांडव्यापासून बरंच आत, खाडी जिथं दमते आणि गोडं पाणी सुरू होतं तिथं. नदी लहानच. उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरतात. सरकारी नकाशात तिला काही नाव असेल. मी तीन बुकं शिकलो, त्यात ते नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. नाना तिला 'बाय' म्हणायचा. आधी आम्ही थट्टेनं म्हणायला लागलो, मग तेच नाव पडलं.

नाना एकटा राहायचा. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही, एवढंच आम्हा तरण्यांना ठाऊक. भाताची थोडी जमीन होती. बाकी सगळा वेळ बायवर पहारा. पाण्यात कोणी थुंकला, की नाना झुडपातून उभा राहायचा. "कान धर. म्हण, बाय चुकलो." म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. त्याच्या हातात काठी नसायची, पण तो रडवेला व्हायचा, आणि ते काठीपेक्षा वाईट.

एकदा वऱ्हाडाची गाडी नदीतून पार होत होती. मधोमध बैलानं मुताची धार सोडली. नाना गाडीपुढं आडवा.

"चूक बैलाची हाय, नाना!" नवरदेवाचा मामा ओरडला. "मुहूर्त टळतोय!"

"बैलाला बोलता येत न्हाय. नवऱ्यानं बोलावं."

शेवटी नवरदेव मुंडावळ्या सांभाळत गुडघाभर पाण्यात उतरला आणि बैलाच्या वतीनं कान धरून "बाय, चुकलो" म्हणाला. त्या जोडप्याचा संसार उत्तम झाला. नाना त्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. वैशाख सरत आला की आमच्याकडे मोठा डोह मारायची चाल होती. एका झाडाची साल कुटून पाण्यात टाकायची. मासे भोवंडून वर येतात, लहान-मोठे सगळे. मग सगळा गाव उतरतो. पण त्याआधी पहिला पाग आमच्या घराण्याचा. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. तो मान माझ्या आज्यापासूनचा. आमचा पाग पडल्याशिवाय साल पाण्यात जात नाही आणि दुसऱ्याचं जाळंही पडत नाही. त्या साली तर मी सगळा हिवाळा बसून नवा पाग विणला होता. असा पाग कुलाबा जिल्ह्यात नव्हता. मी सांगतो म्हणजे नव्हता.

दिवस ठरवायला गाव देवळापुढं बसला. पाटील काही बोलणार तोच नाना उठला.

"औंदा डोह मारायचा न्हाय. बाय गरवार हाय."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग जे हसू फुटलं!

"नाना, कितवा महिना?"

"मासलीच्या पोटात अंडी हायेत. आता मारली तर पुढल्या साली काय मिळंल? चिखल? एका गरवारशीला मारणं आन् हजारांना मारणं, पाप थोडंच कमी होतं?"

"ते ऱ्हाऊ दे," मागून कोणीतरी ओरडला, "पोराचा बाप कोण?"

नाना जराही लाजला नाही. "दर्या. दुसरा कोण? रोज दोन येळा येऊन जातो, तुमाला दिसत न्हाय?"

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मी मात्र चिडलो होतो. म्हटलं, "नाना, गरवार असंल तर आधी डोहाळजेवण कर. फुकटची गरवार आमी मानत न्हाय."

मी टोमणा मारला होता. पण चांगुणा आत्या, गावातली सगळ्यात जाणती बाई, ताडकन म्हणाली, "व्हय की! करूया. बायचं पाणी जल्मभर प्यायलो, कोणी कदी तिची ओटी भरली?"

भटजी म्हणाले, नदीचं डोहाळजेवण कुठल्याच पोथीत नाही. आत्या म्हणाली, "पोथी लिवणारा कदी गरवार होता?"

पाटलानं दोन्हीकडचं राखलं: आज-उद्या तयारी, परवा डोहाळजेवण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोह मारायचा. सगळे खूश. नाना तेवढा खाली बसला.

तयारी म्हणजे बायांनी पुरुषांना राबवलं. गरवारशीच्या अंगणात घाण चालते का? दोरखंडासाठी आम्हीच डोहाच्या कडेला कुजत घातलेली नारळाची सोडणं आम्हालाच उपसावी लागली. तो वास आठ दिवस अंगाला होता. मग जेवणाचा प्रश्न आला. कोणीतरी म्हणालं, सुकट घालू. नाना भडकला, "तिच्यापुढं बसून तिचीच लेकरं खानार?" तेव्हा सगळ्या मासेखाऊ गावानं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाल्ली. बायसाठी पानावर चिंच, कैरी, आवळ्याचं लोणचं. तिला नेमकं काय खावंसं वाटतं यावरून दोन सुना भांडल्यासुद्धा. मी एका बाजूला बसून नव्या पागाला शिशाच्या गोळ्या ओवत होतो. उद्याची तयारी. मला काही लाज वाटत नव्हती.

ओटीची वेळ आली. तांदूळ होते, नारळ होता, खण होता. आत्या म्हणाली, "हिरवं लुगडं कोण देतंय?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

नाना घरी गेला आणि लुगडं घेऊन आला. नवंकोरं, हिरवंगार, पण घडीच्या रेघांवर रंग उडालेला. आत्यानं ते हातात घेतलं आणि तिचा आवाजच बदलला.

"जोमा, हे बामीचं ना रं?"

"व्हय."

"तुजी बायको सातव्यात गेली, तवाचं?"

"मुंबईला गोदीत होतो. डोहाळजेवणाला घेऊन आलो. होडीतून उतरलो तर धक्क्यावर माणसं उभी होती, कोणी बोलंना." नाना नदीकडे बघत होता. "उगाच पेटीत पडून होतं. बायला होईल."

कोणी हसलं नाही. बायांनी लुगडं डोहाकाठच्या मोठ्या कातळावर पसरलं, हळदकुंकू वाहिलं. आत्यानं डोहाळ्याचं गाणं धरलं, पण मध्येच तिला पुढची ओळ आठवेना. मग सगळ्याजणी तशाच गुणगुणत राहिल्या.

संध्याकाळी पांगापांग झाली. नाना एकटाच लुगड्याची घडी घालत होता. नऊ वारी लुगडं, एकट्याला कसं जमणार? एक टोक धरलं की दुसरं मातीत. मी पाग खाली ठेवला आणि जाऊन पलीकडची दोन टोकं धरली. आम्ही ते ताणलं, दुमडलं, परत ताणलं. घडी जुन्या रेघांवर बसेना.

दुसऱ्या दिवशी उजाडता गाव डोहावर जमला. कुटलेली साल टोपल्यांत भरून ठेवलेली. सगळे माझ्या पहिल्या पागासाठी खोळंबलेले. मी पाग खांद्यावर टाकला, डोहावरून तसाच पुढं गेलो आणि जोमा नानाच्या दारात उभा राहिलो.

"नाना, ऊठ. खाडीवर चल मासली मारायला."

त्यानं दार किलकिलं केलं. डोळे सुजलेले. "खाडीवर? आन् डोह?"

"आमच्या पागाबिगर कोण हात लावतोय बघू."

त्यानं माझ्या खांद्यावरचा पाग चाचपला. मग म्हणाला, "खाडी गरवार नसंल कशावरनं?"

"खाडी म्हातारी हाय, नाना. चल."

त्यानं डोक्याला पंचा गुंडाळला आणि माझ्याबरोबर निघाला.