लॉक म्हणजे कोणतं लॉक?

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वाहने दोन, चाके आठ (स्टेपन्या वगळून), माणसे तीन; पैकी तंत्रशिक्षित एक. तो एक म्हणजे मी.

दुपारपर्यंत काय काय घडणार, हे त्या क्षणी मी तुम्हाला आकृती काढून दाखवले असते. आकृती बिनचूकच असती! घडले मात्र भलतेच.

मूळ प्रश्न शेडचा. आमच्या घरामागे पत्र्याची एकच शेड आहे आणि तीत माझी जुनी जीप उभी असते. अलीकडे आमची ही मातीची भांडी करू लागली आहे. भट्टी बसवायला तिला तीच शेड हवी होती. जीप उघड्यावर काढायची म्हणजे वर्षभरात तिची चाळणी होणार!

"अहो, ती जीप बाहेर पडते तरी कधी?"

"गरज पडली की."

"आणि गरज कधी पडते?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. त्यातच जावईबापूंनी ऑल-व्हील ड्राइव्हची नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली. "बाबा, हिची पण चारही चाकं ओढतात बरं का! तुमच्या जीपसारखीच."

सारखीच! वेल्डिंगची ठिणगी बनियनमध्ये शिरावी, तसा तो शब्द मला चटकला. मी जावईबापूंना खुर्चीत बसवले आणि मुद्देसूद समजावले. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद चारही चाकांना मिळते खरी, परंतु पुढच्या आणि मागच्या चाकांना आपापल्या वेगाने फिरण्याची मुभा असते. त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडी लोण्यासारखी वळते. पण चिखलात? एखादे चाक घसरू लागले की ताकद त्याच्याकडेच पळते, लाडावलेल्या धाकट्याकडे खाऊ जावा तशी! लॉक केलेल्या फोर-व्हील ड्राइव्हचे तसे नाही. तिथे पुढची आणि मागची बाजू एकमेकींना जखडलेली असते. एक फिरली की दुसरीला फिरावेच लागते. चिखलात हे वरदान. कोरड्या रस्त्यावर मात्र वळताना चाके कुरकुरतात आणि गिअर कण्हतात.

"म्हणजे तुमच्यासारखीच," ही आतून म्हणाली. "जरा वळायची वेळ आली की कुरकुर!"

जावईबापू खोकला आल्याचे निमित्त करून हसले.

मग हिनेच निवाडा दिला. तलावाचे पाणी ओसरले होते आणि काठाला उत्तम चिकणमाती उघडी पडली होती. "जीपमधून माझी माती घरी आली, तर शेड जीपची. नाही आली, तर भट्टीची. नंतर कुरकुर चालणार नाही!"

मी हसत हसत कबूल केले. माझ्या दृष्टीने हा निकाल परीक्षेआधीच हाती आला होता.

निघण्यापूर्वी मी जीपच्या दोन्ही पुढच्या चाकांपाशी उकिडवा बसलो. त्या चाकांच्या मधोमध एकेक चकती असते. ती 'लॉक'वर फिरवली तरच पुढच्या चाकांना ताकद मिळते. डांबरी रस्त्यावर ती 'फ्री' ठेवायची. मी दोन्ही स्वतःच्या हातांनी 'फ्री' केल्या आणि जावईबापूंना म्हणालो, "याला म्हणतात शिस्त!" ही मात्र त्यांच्या गाडीत जाऊन बसली. म्हणे तिथे एसी आहे!

तलावाकाठी जमीन वरून कडक दिसत होती. "थांबा, आधी पाहणी करू," मी म्हणेपर्यंत जावईबापू गाडी घेऊन आत शिरले सुद्धा. क्षणभर गाडी ऐटीत गेली. मग वरचा पापुद्रा फुटला आणि ती म्हशीसारखी निवांत बसली. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक गरगरत होते. उरलेली दोन ढिम्म.

"बाबा, चारही चाकं ओढणार होती ना हो? दोनच फिरतायत!"

"ज्यांना पकड नाही ती फिरतायत. ज्यांना आहे ती बसलीत आराम करत! कळलं आता 'सारखीच' म्हणजे काय?"

तरीही मी मनाचा मोठेपणा दाखवला. त्यांच्या गाडीचे माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून वाचले होते. मालकाने ते अद्याप उघडलेही नव्हते. दोन्ही बाजू तात्पुरत्या जखडणारे 'लॉक'चे बटण त्या गाडीत होते. हिला स्टिअरिंगवर बसवून आम्ही दोघे धक्का मारायला मागे गेलो.

"अगं, लॉक दाब!" मी ओरडलो.

आत 'खट्' वाजले. "दाबलं!"

"लागलं का नीट?"

"चारही लागली!"

चारही! तंत्रज्ञाच्या कानाला याहून गोड काय वाटणार? "मग दे जोर!"

तिने जोर दिला. आणि मागच्या चाकाने तलावाचा तळ उचलून माझ्या तोंडावर थापला! चष्मा, मिशी, खिशातले पेन, सगळे एकाच रंगाचे झाले. जावईबापू वेळीच बाजूला सरकले होते. तेवढी अक्कल त्यांना होती.

काच खाली आली. "अहो, पण दारं लावून काय होणार होतं? इथे कोण चोर येतोय?"

"दारं नव्हे! चाकं! चाकं लॉक करायची!"

"मग तसं सांगायचं! चाकं लॉक केल्यावर गाडी चालेल कशी?"

मी उत्तर देणार, तोच पडद्यावर सूचना झळकली. यंत्रणा तापली होती. जावईबापू म्हणाले, "बाबा, गाडी म्हणतेय तिला विश्रांती हवी."

"मलाही हवी!" असे म्हणत मी जीपमध्ये चढलो. आता माझी वेळ होती. दोर तयार ठेवायला सांगून मी फोर-व्हीलचा लिव्हर ओढला, मिशीवरचा चिखल निपटला आणि जीप गाळात घातली.

मागची चाके फिरली. पुढची नाहीत. मी जोर वाढवला. मागची आणखी फिरली आणि जीपने आपले बूड गाळात टेकले. पुढची चाके निवृत्त साहेबांसारखी समोरचा देखावा पाहत राहिली.

"इथल्या गाळाचा पोत वेगळा आहे," मी जाहीर केले.

जावईबापू पुढच्या चाकापाशी वाकले. "बाबा, या चकतीवरचा बाण 'फ्री'कडे आहे. म्हणजे काय हो?"

"म्हणजे फुकट," ही म्हणाली. "सगळी मेहनत!"

मी खाली उडी मारून चकती फिरवू लागलो. तीत गाळ शिरून ती घट्ट बसली होती. त्या दिवशी त्या तलावाकाठी खऱ्या अर्थाने लॉक झालेली वस्तू ती एकच!

आम्ही दोघे दोर, फळ्या आणि दगड यांच्याशी झटत असताना हिने फावडे घेऊन मातीची पोती भरून काठावर रांगेत ठेवली होती. तेवढ्यात पलीकडच्या वाटेने ट्रॅक्टर आला. ओढणारी चाके फक्त मागची दोन!

"साहेब, आधी कोणती काढू?" ट्रॅक्टरवाल्याने विचारले.

"आधी माती भरा!" ही म्हणाली.

दोन्ही गाड्या निघाल्या, पण दोराला लटकून. माती ट्रॉलीतून ऐटीत घरी आली. वाटेत मी एवढेच सुचवले की, जीप आणि माती एकाच वेळी घरी पोहोचल्या, हा मुद्दा विचारात घेतला जावा.

"पोती जीपमध्ये होती का?"

"तांत्रिकदृष्ट्या नव्हती."

जीप आता अंगणात ताडपत्रीखाली असते. तिच्या चकत्या मी रॉकेलने धुतल्या. आता त्या बोटाने फिरतात. त्यांच्याकडे बघायला मात्र कोणी येत नाही. सगळे शेडकडे जातात.

शेडमधील कमाल तापमान : एक हजार अंश.