रेवणअण्णांची शनिवारची संसद

"या आठवड्यात संसदेत काहीही घडले नाही. तपशील पुढीलप्रमाणे."

एवढं लिहून त्याखाली फुलस्केपच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरणारा माणूस आमच्या शेजारी राहतो. रेवणअण्णा. वय बहात्तर, लग्न नाही, खोली एक, पेनं चौदा. अधिवेशन चालू असो की संपलेलं, दर शनिवारी सकाळी अण्णांचं दिल्लीपत्र निघतं. लोकसभेला सुट्ट्या असतात, अण्णांना नसतात.

अण्णा वीस-बावीस वर्षं एका खासदारसाहेबांच्या सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या कार्यालयात होते. साहेबांचं नाव अण्णांनी आजवर तोंडातून काढलेलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. तेव्हा मीही घेत नाही. साहेब दिल्लीत कुठकुठले कायदे करतात ते मतदारांना कळावं म्हणून दर आठवड्याला एक पत्रक निघायचं आणि ते अण्णा लिहायचे. साहेब फोनवर चार वाक्यं सांगत, अण्णा त्यांची चाळीस करत. मग एका निवडणुकीत साहेब पडले. कार्यालयाला कुलूप लागलं, बोर्ड उतरला, खुर्च्या कुणी कुणी नेल्या. पत्रक बंद करा असं मात्र सांगायचं सगळे विसरले. अण्णांनी ते चालू ठेवलं.

"अण्णा, साहेब पडले की," मी म्हणालो होतो.

"साहेब पडले. कायदे व्हायचे थांबले काय?"

पूर्वी हजारो प्रती छापल्या जायच्या. आता अण्णा हातानं एक प्रत लिहितात आणि तिच्या अकरा झेरॉक्स काढतात. दहा आमच्या गल्लीत वाटल्या जातात. अकरावी अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे. हल्ली हे सगळं मोबाइलवर मिळतं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "त्यात फोटो लई," अण्णा म्हणाले, "माणूस हात जोडून हुबा. कायदा कुटं हाय?"

अण्णांच्या पत्रात कायदा असतो. नुसता असत नाही, तो स्वयंपाकघरात असतो. "विधेयक म्हणजे आपली भाकरी. मंत्र्याने पीठ मळले, लोकसभेने एका बाजूने भाजली, राज्यसभेने उलटली, राष्ट्रपतींनी सही केली की ताटात. मधेच समितीकडे पाठवली तर कडक होते, पण टिकते." राज्यघटनेवर चांगल्या चांगल्यांची भाषणं मी ऐकलीत. पण माझ्या डोक्यात राहिली ती एवढीच.

शनिवारी रात्री अण्णा आमच्याकडे जेवायला असतात. मग आमचं जेवणघर हे सभागृह होतं. मी मूळ विषय सोडून बोलू लागलो की, "सन्माननीय सदस्यांनी विषयाला धरून बोलावं." मी कुणाला गाढव म्हणालो की, "तो शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे." वांग्याची भाजी आमच्या घरी आवाजी मतदानानं मंजूर होते. मतदार तीन: अण्णा, माझी बायको सुनंदा आणि मी. माझा विरोध नोंदवून घेतला जातो आणि मग मला वांगं वाढलं जातं.

जेवण झालं की अण्णा तारांकित प्रश्न विचारतात. म्हणजे तोंडी उत्तर द्यावंच लागतं.

"गेल्या पत्रात दुसऱ्या पानावर काय होतं, सुरेश?"

इथं मला एक कबुली द्यायची आहे. गेली कित्येक वर्षं मी ते पत्र वाचलेलं नाही. आमच्याकडे त्याच्यावर लसूण निवडतात. पण मीही सरकारी नोकरीत मुरलेला माणूस. मी गंभीरपणे म्हणतो, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

अण्णा खूश होतात. "मंत्री होशील बग तू."

सुनंदाला मात्र पानन् पान पाठ असतं. लसूण निवडता निवडता वाचते म्हणे.

तर गेल्या महिन्यात अण्णांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लिहायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आणि ऑपरेशन झालं होतं गुरुवारी.

शुक्रवारी अण्णांनी मला बोलावलं. डोळ्यावर पट्टी आणि चेहऱ्यावर मंत्रिमंडळ कोसळल्याची कळा.

"उद्याचं पत्र तू लिही."

"अण्णा, एक आठवडा खाडा झाला तर देश थांबत नाही."

"गल्लीचं सोड. मैंदर्गीची प्रत गेलीच पायजे. आणि कंडक्टरकडं न्हाय, तू स्वतः जा. अक्षर दुसरं दिसलं की अक्का घाबरंल. ऑपरेशनचं तोंडानं नीट सांग."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण शिवक्का. आई लवकर गेली, तेव्हा अण्णांना तिनंच वाढवलं, तिनंच सोलापूरला शिकायला धाडलं, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

अण्णा बराच वेळ पट्टी चाचपत राहिले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "अक्काच्या लेखी मी अजून साहेबांकडंच हाय."

"म्हणजे?"

"नोकरी लागली तवा तिनं आख्ख्या गल्लीला गोड हुग्गी जेवू घातली. माझा भाऊ दिल्लीचं काम बघतो म्हणून सांगत फिरली. ते गेलं, हे सांगायला तोंडच उचललं न्हाय. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलं. पत्र जातंय तवर तिला शंका यायची न्हाय." मग माझ्याकडे वळले. "तितं जाऊन 'माजी साहेब' असलं काय बोलू नको. तोंड सांभाळ."

आता माझ्या तोंडाची कीर्ती अशी की त्यात तीळ भिजत नाही. मेहुण्याचं गुपचूप ठरत आलेलं लग्न मी भर बारशात फोडलं होतं. सुनंदा तर म्हणाली, "अण्णांनी दुसरा डोळाही ऑपरेशनला काढलेला दिसतोय. तुम्हाला पाठवतायत!"

रात्री पत्र लिहायला बसलो. फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरायची काही माझी छाती होईना. मोबाइलवर बातम्या चाळल्या आणि लिहिलं, "या आठवड्यात दोन्ही सभागृहांत गोंधळ झाला. कामकाज तहकूब झाले. काही विधेयके मांडली गेली. बाकी क्षेम." चार वाक्यं झाली. साहेबांचंही तेवढंच असायचं, अशी मनाची समजूत घातली.

शनिवारी मैंदर्गीची गाडी धरली. वाटभर घोकत होतो. साहेब आहेत, साहेब दिल्लीत आहेत, साहेब बरे आहेत.

शिवक्का दारातच बसलेल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कपाळावर विभूती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "बर्री, बर्री, आत या," म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी ठेवलं. मी ऑपरेशनचं सांगितलं, डोळा छान आहे म्हणालो आणि पत्र हातात दिलं.

अक्कांची शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी त्या बोट ठेवून वाचतात. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, हळूहळू सरकवलं. 'बाकी क्षेम'वर आल्यावर त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

"एवडंच?"

"गोंधळ होता ना संसदेत."

"तम्माचा, माझ्या धाकट्याचा, एक कागद मला चार दिवस पुरतो," त्या म्हणाल्या. "रोज अर्धं पान. हे तर आत्ताच संपलं की."

मला इतकं कानकोंडं झालं की काहीतरी बोलायला हवंच होतं, आणि मी बोललो. "साहेबांनीच सांगितलं, या आठवड्यात थोडक्यात लिहा म्हणून. साहेब सध्या फार कामात आहेत. सारखे दिल्लीत. कालच फोन होता त्यांचा..."

अक्का चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"साहेब पडले की हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "लई वर्सं झाली."

मी तांब्या उचलला. पाणी पिण्यासारखी दुसरी सोय नव्हती.

"निकाल लागला त्या दिशी गावात फटाके वाजले. कुनासाठी वाजत्यात इचारलं, तर नाव दुसरंच. तवाच कळलं."

"मग अण्णांना बोलला नाहीत?"

"त्यानं कुटं सांगितलं? पुडच्या आठवड्यात कागद आला. मग म्हनलं, येतोय तर येऊ दे. मला कळलंय असं त्याला कळलं, तर कशाला लिवंल तो? आनि न लिवता एकटा करंल काय त्या खोलीत?" त्यांनी माझी चार वाक्यं नीट घडी घालून कोनाड्यात ठेवली. तिथं घड्यांची ही चळत होती. "तुमी न्हाई हं सांगायचं त्याला."

म्हणजे सकाळी भावाचं गुपित घेऊन निघालेला मी संध्याकाळी बहिणीचंही घेऊन परतणार होतो. ज्या तोंडात एक तीळ भिजत नाही, त्यात दोन.

निघताना अक्कांनी कडक भाकरीचं गाठोडं दिलं आणि दारापर्यंत आल्या. आता आवाज मोठा होता, शेजारच्या दोन दारांनाही ऐकू जाईल एवढा. "साहेबांना माझा निरोप सांगा. म्हनावं, डोळा बरा हुईस्तवर रेवणला दिल्लीचं काम लावू नका. अक्कानं हात जोडलेत म्हनावं."

घरी आलो तर अण्णा पट्टी बांधून माझी वाट बघत ओट्यावर बसलेले.

"काय म्हणाली? काय बोलला तर न्हाईस ना?"

मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते बाहेरच्या पाण्याबद्दल. मी सुनंदाला हाक मारायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"मग? साहेब काय म्हणाले म्हणून सांगायचं अक्काला?"

मी वळलो नाही. "साहेबांनी रजा मंजूर केली."

"किती?"

"डोळा बरा होईपर्यंत."

"छे, छे," अण्णा म्हणाले. "साहेब एवढी रजा कधी देत नव्हते. अक्काचा इश्वास बसायचा न्हाय. आठ दिवस सांग."