परीक्षकबाईंनी साखर सोडली

व्हर्नानं साखर सोडली ती ऐन कृषी प्रदर्शनाच्या तोंडावर. साखर म्हणजे निव्वळ अफू, असं तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि घरातला जॅम, मध, बिस्किटं, सगळं शेजारणीकडे धाडून दिलं. तिच्या नवऱ्याचा, क्लेमचा, ऊस पार नदीपर्यंत पसरलेला. पण क्वीन्सलँडचा हा ऊसवाला आपल्याच घरात फिका चहा पिऊ लागला.

“अगं, एकदम तोडू नकोस. अर्धा चमचा घेत जा,” तो म्हणाला. “नाहीतर एक दिवस पोतंच फस्त करशील.”

“माझा ताबा आहे जिभेवर. उगीच का गावानं मला केकची परीक्षक केलंय?”

हे मात्र खरं होतं. व्हर्ना दरवर्षी प्रत्येक केकचा नखाएवढा तुकडा चाखायची आणि पुढे सरकायची. केकवर नुसता क्रमांक. कुणाचा ते चिठ्ठी उलटल्यावरच कळे. ग्लेनिसला तर तिनं कधीच बक्षीस दिलं नव्हतं. ‘साखर फार’ हा शेरा त्या बिचारीच्या पाचवीलाच पुजलेला. तरी व्हर्नाच्या निवाड्याबद्दल कुणी ब्र काढत नसे, आणि या नावलौकिकावर तिचा फार जीव होता.

यंदा मदतनीस कोरल बक्षिसाच्या फिती आणायला गेली, तेव्हा व्हर्ना एका पॅशनफ्रूटच्या स्पंज केकपुढे आली. तुकडा जिभेवर ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. खात्री करायला दुसरा घेतला. मग आयसिंगचा वेगळा विचार करावा लागला, मधल्या क्रीमचा वेगळा. कोरल परतली तेव्हा ताटलीत चुरा उरला होता आणि तोही व्हर्ना बोटानं टिपत होती.

“अगं बाई! केक कुठंय?”

“पहिला आला,” व्हर्ना पुटपुटली. एवढा खाऊन दुसरा नंबर कुठल्या तोंडानं देणार?

कोरलनं चिठ्ठी उलटली. ग्लेनिस!

दारं उघडली. रिकाम्या ताटलीवर पहिल्या नंबरची निळी फीत पाहून बायका गोळा झाल्या. आता अब्रूही गेली आणि परीक्षकपदही, हे ओळखून व्हर्ना खरं सांगायला पुढे झाली. पण ग्लेनिसनं तिला मिठीच मारली.

“इतकी वर्षं नखाएवढं खाऊन नाक मुरडायचीस गं! आज कळली माझ्या हाताची चव?” व्हर्नाला खरं बोलवेना.

बाकीच्या बायका मात्र फणफणल्या. “आमचे केक काय टाकाऊ होते? अख्खा खाल्ल्याशिवाय चव कळत नसेल, तर सगळ्यांचेच खा ना!” पुढच्या वर्षीपासून परीक्षकानं प्रत्येक केक संपवलाच पाहिजे, असा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या क्लेमनं काळजीनं बायकोकडे पाहिलं. तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.