कॅप्टनच्या खुर्चीतला गणपती

हॉलमध्ये विमान आहे, मग यंदा गणपती कुठे बसवायचा, हा प्रश्न हर्डीकरांच्या घरात आषाढातच निघाला होता. "चतुर्थीच्या आत सरकवतो," असं जयप्रकाशराव म्हणाले होते. आता चतुर्थी उजाडली होती, गुरुजी सोफ्यावर बसून घड्याळ बघत होते आणि विमान जागचं तसूभरही हललं नव्हतं.

विमान म्हणजे विमानाचं नुसतं तोंड, वैमानिक बसतो तेवढंच. पण तेवढ्यानेच कोलकात्यातल्या बालीगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा अर्ध्याहून जास्त हॉल गिळला होता. एस्प्लनेडच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर जयप्रकाशरावांनी अडीच वर्षं खपून ते उभं केलं होतं. सांगाडा प्लायवूडचा, खुर्च्या भंगारात गेलेल्या पिवळ्या टॅक्सीच्या, मोटरी आणि बटणं चांदनी मार्केटातली. पण आतली यंत्रं खोटी नव्हती. कॉम्प्युटरवरचं विमान वर गेलं की उंचीची सुई खरोखर फिरे, विमान कललं की क्षितिजाची तबकडी कले, समोरच्या पडद्यावर दमदम विमानतळाची धावपट्टी पळे. दोनशे चौदा वायरी भिंतीतून मागच्या खोलीत गेल्या होत्या, आणि चतुर्थीच्या आत सरकवणं जमलं नाही ते त्यामुळेच.

खरं सांगायचं तर जयप्रकाशरावांना विमानात काडीचाही रस नव्हता. ते मुळातच सुतकी चेहऱ्याचे गृहस्थ. लग्नाच्या फोटोतही ते कुणाला तरी पोचवून आल्यासारखे दिसतात. विमानाचं वेड होतं त्यांच्या मुलाला, चिन्मयला. अठराव्या वर्षी तो पायलट व्हायचं म्हणाला, तेव्हा "ढगात चालवलं तरी तो ड्रायव्हरच," असं म्हणून वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला घातलं. त्या इंजिनिअरिंगने त्याला कॅनडात कॅलगरीला नेलं. चार वर्षांत तो घरी आला नव्हता. फोन यायचा, पण "जेवलात का? पाऊस आहे का?" एवढ्यावर दीड मिनिटात संपायचा. विमान सुरू झालं आणि एका अडकलेल्या सुईवर बापलेक दर रविवारी व्हिडिओवर दीड दीड तास बोलू लागले. जयप्रकाशराव मुद्दाम एखादी सुई अडकवून ठेवतात, असा कालिंदीबाईंना संशय होता. तो खरा होता.

त्यात गेल्या महिन्यात चिन्मयने एक बातमी दिली होती. कंपनीने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. कॅलगरीलाच कायमचं राहायचं, नाहीतर कोलकात्याच्या ऑफिसात बदली घ्यायची. या महिन्याच्या अखेरीला कळवायचं होतं.

"तुम्ही दोघंच असता तिथे. मला तेच टोचतं, बाबा," तो म्हणाला होता.

जयप्रकाशरावांना म्हणायचं होतं, ये. तोंडातून निघालं, "तुझं तू बघ. आमची काळजी करू नकोस." मग दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.  पोराच्या पायात आपलं लोढणं नको, हे त्यांनी आणि कालिंदीबाईंनी न बोलता ठरवलं होतं, आणि महिनाअखेरीकडे डोळे लावून दोघंही झुरत होते.

तर चतुर्थीच्या सकाळी गुरुजी घाईत होते. कोलकात्यातली मराठी घरं मोजकी, पण गुरुजी त्याहून मोजके. नऊला त्यांना बागबाजारला पोचायचं होतं. कालिंदीबाईंनी कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून आणलेली मूर्ती चौरंग पुसेपर्यंत विमानातल्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीवर टेकवली आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून त्या आत धावल्या. त्या परत आल्या तेव्हा गुरुजी उजव्या खुर्चीत मांडी घालून बसले होते, जानवं गियरच्या दांड्यात अडकलं होतं आणि मंत्र संपत आले होते.

"अहो गुरुजी, तिथे नाही! तिथे तात्पुरता ठेवला होता!"

"प्राणप्रतिष्ठा झाली, वहिनी. आता उत्तरपूजेपर्यंत जागचा हलवायचा नाही. तुमचा किती दिवसांचा?"

"दहा," कालिंदीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मग दहा दिवस तिथेच. जागा प्रशस्त आहे. फक्त देवाला अंधारात ठेवू नका."

आता त्या विमानात दिवा लावायचा तर सबंध विमानच चालू करावं लागे, कारण जयप्रकाशरावांनी एकच मुख्य बटण ठेवलं होतं. त्यांनी ते दाबलं. बाप्पापुढे सतरा यंत्रं लुकलुकली आणि समोर दमदमची धावपट्टी उजळली. मूर्तीचं तोंड यंत्रांकडे आणि पाठ हॉलकडे असल्यामुळे दर्शन घ्यायचं तर वाकून आत शिरायचं आणि उजव्या खुर्चीत देवाशेजारी बसायचं, एवढाच मार्ग उरला होता.

संध्याकाळी आरतीला वरच्या मजल्यावरच्या मधुवंती सेन आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, मुलगा परदेशात. त्या इमारतीत सोळा फ्लॅट होते. अकरा फ्लॅटांत दोन दोन म्हातारी माणसं राहत, तिनांत एकेकच, आणि उरलेल्या दोनांना कुलपं होती. बाईंनी जास्वंदीचा हार आणला होता. उजव्या खुर्चीत बसून त्यांनी देवाला हात जोडले, आणि मूर्तीच्या गळ्यापर्यंत हात पोचेना म्हणून हार मधल्या दांड्याला घातला. तो इंजिनचा दांडा होता. हाराच्या वजनाने तो पुढे गेला.

बाहेर टाळ्या चालल्या होत्या. विमान गरजलं. धावपट्टी पळू लागली, घाबरलेल्या बाईंनी आधारासाठी समोरचं सुकाणूचं चाक धरून छातीशी ओढलं आणि गणपती दमदमहून उडाला. तांबडे दिवे लागले, इंग्रजीत ओरडणारी एक बाई "पुल अप! पुल अप!" असं बजावू लागली.

"देवा, देवा!" असं म्हणत जयप्रकाशराव आत घुसले. उतरवायचं तर कॅप्टनच्या खुर्चीत बसायला हवं होतं आणि तिथून गणपतीला हलवायचं नव्हतं. शेवटी त्यांनी बाईंच्या डोक्यावरून हात घालून विमान कसंबसं दहा हजार फुटांवर नेलं आणि ऑटोपायलटच्या हवाली केलं. कॉम्प्युटरला पेट्रोल अमर्याद दिलं. मग बाहेर येऊन पंख्याखाली बसले.

"गेलं," ते म्हणाले. "आता दहा दिवस उतरायचं नाही."

"शुभ बोला हो," कालिंदीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंती सेन धापा टाकत खाली आल्या. "हार्डिकरदा! बौदी! हमारा बेटा का फोन आया! आ रहा है! तीन साल बाद! कल शाम को प्लेन उड़ा, आज सुबह फोन!"

ही गोष्ट पाचही मजले उतरून गल्लीत पोचायला दुपार पुरली. तिसऱ्या दिवशी रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत होती, चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या टपालपेट्यांपर्यंत. काठ्या, गुडघ्यांचे पट्टे, औषधांच्या पिशव्या आणि फुलं घेऊन लोक येत होते. सोसायटीचे सेक्रेटरी सौरभबाबू तक्रार घेऊन वर आले, जिन्यात चपलांचा खच पडलाय म्हणून. दर्शन घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यानंतर रांग लावायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

जयप्रकाशरावांना सुरुवातीला वाटलं, लोक आपलं कसब बघायला येतात. ते दाराशी उभे राहून समजावू लागले, "ये उंचाई का मीटर है, ये सचमुच चलता है." कुणी ढुंकूनही बघेना. उंचीच्या मीटरवर हळदकुंकू वाहिलं गेलं. क्षितिजाच्या तबकडीवर दूर्वा आल्या. इंधनाच्या काट्याला कुणीतरी पेढा चिकटवला.

"सगळ्यांना पोरं परदेशी धाडायचीत," ते कालिंदीबाईंना म्हणाले. "व्हिसा मागायला येतात मेले. पोरं गेली की कळेल."

सहाव्या दिवशी विमानाच्या रेडिओत खरखर होते म्हणून त्यांनी बाहेरच्या टेबलावरचा हेडफोन कानाला लावला. आतला मायक्रोफोन चालूच होता. उजव्या खुर्चीत बसलेले एक वयस्क डॉक्टर देवाशी हलक्या आवाजात बंगालीत बोलत होते. कोलकात्यातल्या बत्तीस वर्षांत जयप्रकाशरावांना बंगाली चांगलं कळू लागलं होतं. डॉक्टर म्हणत होते, देवा, मुलीचा व्हिसा यंदा वाढवू नकोस. पुढच्या बाई म्हणाल्या, मुलाला तिथे घर मिळता मिळता राहू दे. त्यांच्यामागच्या गृहस्थांनी आधी दूर्वा वाहिल्या. मग म्हणाले, त्याला थोडासा अपमान होऊ दे, फार नको, परत यावंसं वाटेल एवढाच.

जयप्रकाशरावांनी हेडफोन काढला. दुसऱ्याची गुपितं ऐकल्याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती आपल्याला त्या गृहस्थाची मागणी पटली याची. ते स्वयंपाकघरात गेले. कालिंदीबाई मोदकांच्या कळ्या पाडत होत्या.

"अगं, तू काय मागितलंस गं?"

"कुणाकडे?"

"बाप्पाकडे."

"मी काही नाही मागितलं. तुम्ही?"

"मी कशाला मागू? त्याचं त्याने बघावं."

"हो ना," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला मोदक फुटला.

आठव्या दिवशी मधुवंती सेन यांचा मुलगा खरोखर आला. नोकरी गेली म्हणून आला होता. नवव्या दिवशी बाई पुन्हा रांगेत दिसल्या. "दिवसभर सोफ्यावर असतो, मासळीचा वास येतो म्हणतो, माझा रेडिओ बंद करतो," असं त्यांनी हिंदीत गाऱ्हाणं घातलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "दादा, इसमें उल्टा भी होता है क्या?"

"मालूम नहीं," जयप्रकाशराव म्हणाले. "मैंने अभी सीधा भी नहीं देखा."

त्याच सकाळी, आरतीच्या जरा आधी, चिन्मयचा फोन आला. रविवार नव्हता.  कालिंदीबाईंनी कुंकवाच्या हातानेच फोन घेतला आणि पोराला गणपती दिसावा म्हणून तो वर धरून हॉलभर फिरवला. साठ-सत्तर माणसं, शंख, फुलांचे ढीग, आणि ओळखीच्या म्हाताऱ्या फोनमध्ये डोकावून "की रे चिन्मय, भालो तो?" असं विचारत होत्या. त्या गडबडीत कालिंदीबाईंना हसू फुटलं होतं.

चिन्मय पडद्यावर आधी हसला, मग त्याने डोळे पुसले.

"बाबा, मी आज ऑफिसला कळवून टाकलं."

"काय कळवलंस?"

"इथेच राहतो म्हणून." तो भराभर बोलू लागला. "खरं सांगू? चार दिवसांपूर्वीपर्यंत कोलकात्याचंच नक्की होतं. फॉर्मही भरून ठेवला होता. तुम्ही दोघं त्या फ्लॅटमध्ये एकटे बसलेले असता, या विचाराने मला झोप लागत नव्हती. पण आईने रोज पाठवलेले व्हिडिओ बघितले ना... केवढी माणसं जोडलीयत तुम्ही! घर कसं भरलंय! आईला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघतोय. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं, बाबा."

जयप्रकाशरावांना सांगायचं होतं, अरे, उद्या विसर्जन आहे. परवापासून इथे चिटपाखरू नसेल. ही सगळी माणसं तुझ्यासारख्यांसाठीच रडायला येतात. ते शब्द अगदी ओठापर्यंत आले. पण पोराच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं हसू होतं, की त्यांना ते विझवता येईना.

"छान केलंस," ते म्हणाले. "आम्ही मजेत आहोत. जेवलास का?"

"आता जेवेन. पाऊस आहे का तिकडे?"

"आहे."

दीड मिनिटात फोन संपला. कालिंदीबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.  पदराने फोनवरचं कुंकू पुसत राहिल्या, ते पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

जयप्रकाशरावांनी चपला घातल्या आणि ते जिना उतरू लागले. रांगेच्या कडेकडेने एक एक मजला खाली आले आणि टपालपेट्यांच्याही पुढे, जिथे रांग संपत होती, तिथे जाऊन उभे राहिले. सौरभबाबूंनी त्यांना पाहिलं आणि ते लगबगीने आले.

"अरे दादा, आप लाइन में? आपका तो घर है! सीधा अंदर जाइए ना!"

"नहीं," जयप्रकाशराव म्हणाले. "लाइन से जाऊँगा."

पुढच्या पायरीवर एक किडकिडीत वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र अंथरून बसले होते. त्यांनी मागे वळून या नव्या माणसाकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बेटा या बेटी?"

"बेटा."

"किधर?"

"कॅलगरी."

"बहुत ठंडी जगह," ते गृहस्थ म्हणाले, आणि आपल्याखालच्या वर्तमानपत्राचं एक पान काढून त्यांनी जयप्रकाशरावांना बसायला दिलं.